अर्धवट पडलेल्या घरांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. इथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २००५ साली ज्या पुराने सांगलीकरांच्या उरात धडकी भरवली होती, तोही ५३ फुटांच्या आसपासच थांबला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्षी नदीकाठच्या माणसांवर काय गुदरले याची कल्पना येते. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मदत आली. बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, चादरी, तांदूळ, औषधे यांनी भरलेले ट्रक रांगेने येत होते आणि त्या मदतीचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. पहिल्या आठवड्यात तिच्यावरच माणसे तगली. परंतु गणपतीच्या आगेमागे हा ओघ आटला, शाळांमधली निवारा केंद्रे रिकामी झाली, आणि लोक आपापल्या घरी परतले तेव्हा त्यांच्यासमोर जे उभे होते त्याला घर म्हणावे की नाही, असा प्रश्न होता. आमच्या मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, स्वयंसेवकांचे काम खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले. त्या कामाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण पुरानंतरची घरदुरुस्ती हा विषय बातम्यांमध्ये क्वचितच येतो आणि तो जितका सोपा वाटतो तितका नाही.

आरंभी तरुण संघाची मुले फक्त गाळ काढायला जात असत. मिरज हे दवाखान्यांचे गाव. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशन रुग्णालय उभारले तेव्हापासून आमच्या मंडळीत परिचारिका, कंपाउंडर आणि तंत्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे वैद्यकीय मदतीला माणसे कमी पडली नाहीत, मात्र बांधकामाची जाण असलेली माणसे शोधावी लागली. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक वायरमन काका, दोन सुतार, महसूल खात्यात आयुष्य घालवलेले एक वडीलधारे सभासद आणि मंडळीतील एक अनुभवी गवंडी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, असे हळूहळू एकत्र आले. मी शाळेत शिक्षिका असल्यामुळे नोंदवही, बिले आणि साहित्याचा हिशेब माझ्याकडे आला, आणि तो आजही माझ्याकडेच आहे.

पहिल्याच बैठकीत आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारले की कोणाची घरे घ्यायची. हा प्रश्न सर्वांत अवघड होता. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या त्या वेळच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये मदत धरलेली होती; अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला मात्र ५,२०० रुपये आणि कच्च्या घराला ३,२०० रुपये. राज्य सरकारने आपल्या बाजूने वाढीव मदत जाहीर केली, तरी दोन्ही गटांमधले अंतर मोठेच राहिले. आता ज्या घराची मागची भिंत बसली आहे, पुढची उभी आहे, छप्पर एका बाजूने कलले आहे आणि आत झोपायची कोणाची छाती होत नाही, ते घर पंचनाम्यात ‘अंशतः’ या रकान्यात जाते. एक भिंत नव्याने बांधायची तर गवंड्याची मजुरी, दगड, वाळू, वाहतूक हे सगळे धरून पाच हजारांत काय होणार? पूर्ण पडलेल्या घरासाठी निदान एखादी योजना, एखादी संस्था पुढे येते, कारण तिथे नवे घर उभे करता येते आणि ते दाखवताही येते. अर्धवट पडलेले घर कोणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून आम्ही ठरवले की आपण हीच घरे घ्यायची, आणि त्यातही एकटी राहणारी माणसे, विधवा, अपंग आणि ज्यांच्या घरात कमावता हात नाही त्यांची आधी.

असे काम करणारे आम्ही पहिले नव्हेत, हे मला नमूद करायला हवे. भारतातील चर्चेसची ‘कासा’ ही संस्था १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी उभी राहिली आणि पुढे अनेक आपत्तींमध्ये तिने काम केले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९५० साली मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतील काही तरुण जोडप्यांनी सुरू केलेले आपत्ती सेवा मंडळ आजही मुख्यतः घरे दुरुस्त करण्याचे आणि बांधण्याचेच काम करते. पाळकसाहेबांनी या दोन्हींची माहिती आम्हाला वाचून दाखवली होती. पण कृष्णाकाठच्या भिंतीची दुरुस्ती कशी करावी हे कॅन्ससच्या माणसाला विचारून भागणार नव्हते; ते इथल्या गवंड्यांकडून आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांकडूनच शिकावे लागले.

नदीकाठच्या जुन्या घरांची रचना अशी असते: काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, आणि छपराचा भार भिंतीवर नसून लाकडी मेढी, म्हणजे खांब, आणि तुळयांवर. पाणी आठवडाभर भिंतीत मुरले की माती फुगते, मऊ होते आणि भिंत खालून ढासळते; मात्र मेढी शाबूत असतील तर छप्पर जागच्या जागी राहते. लांबून पाहणाऱ्याला हे घर पडल्यासारखे दिसते, पण त्याचा सांगाडा धडधाकट असतो. याच्या उलट गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधलेली कित्येक घरे भाजलेल्या विटांची दिसतात, बाहेरून सिमेंटचा गिलावाही असतो, पण विटांमधला जोड मातीचा असतो. पाण्याने आतली माती धुऊन नेली की अशी भिंत बाहेरून ठीक दिसते आणि आतून पोकळ झालेली असते. मामा अशा भिंतीला ओळंबा लावून दाखवत, तेव्हा तिला मध्यावर पोट सुटलेले लख्ख कळायचे. त्या वर्षी आम्हाला सर्वाधिक भीती वाटली ती या दुसऱ्या प्रकारच्या घरांची, कारण त्यांतली माणसे निर्धास्तपणे आत झोपत होती आणि त्यांना बाहेर काढणे हेच आमचे पहिले काम होऊन बसले.

मामांनी पहिल्या दिवशीच मुलांना एक गोष्ट सांगितली होती: “गाळ हाय तो ओला असतानाच काढायचा, आन् भित्ताडाला मात्र हात लावायचा न्हाई.” गाळ एकदा सुकला की दगडासारखा घट्ट होतो आणि टिकावानेच फोडावा लागतो, तो ओला असताना खोऱ्याने ओढून घमेल्यांनी बाहेर टाकता येतो. भिंत मात्र सुकू द्यावी लागते. ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर आतली ओल आतच कोंडली जाते, पुढे लोणा, म्हणजे खारट पांढरा थर, धरतो, आणि मातीच्या भिंतीवरून तर तो गिलावा ताव्याताव्याने सुटून येतो. शिवाय या भागातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पावसाळ्यात बुजवलेल्या भेगा मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा तोंड उघडतात. त्या वर्षी ऑक्टोबरातही परतीचा पाऊस हटायला तयार नव्हता. परिणामी जे लोक आम्हाला “कधी येताय?” असे विचारत होते, त्यांना “अजून थांबा” असे सांगण्याची वेळ वारंवार आली, आणि मदत करायला आलेल्या माणसाने थांबायला सांगणे हे समोरच्याला किती जड जाते ते मी जवळून पाहिले आहे. तरीही माझे मत असे आहे की घाईने केलेली दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण ती घरमालकाला खोटा भरवसा देते.

भिलवडीतल्या एका आजींचे घर आम्ही घेतले होते. मागची भिंत पूर्ण बसलेली, पुढची खोली उभी, आणि आजी रात्री शेजारच्या घरी झोपायला जात. आम्ही गेलो तेव्हा गणपती तोंडावर आले होते; त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती. पाळकसाहेबांनी त्यांना विचारले, “आजी, आधी काय करू?” आम्हाला वाटले होते की त्या भिंतीचे नाव घेतील. त्या म्हणाल्या, “पुढच्या सोप्यातला कोनाडा तेवढा नीट करून द्या. गणपती बसवायचा हाय. भित काय, दिवाळीनंतर बी हुईल.” क्षणभर आमच्यातली तरुण मुले एकमेकांकडे पाहू लागली. पाळकसाहेबांनी मात्र पायजमा वर खोचला आणि म्हणाले, “तुम्ही सांगाल तसं.” मग मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा केला, पुढच्या सोप्यातला भिजलेला पोपडा खरवडून काढला, कोनाड्याच्या कडा मातीने सरळ करून घेतल्या, आणि आमच्या महिला मंडळातल्या दोन बायकांनी आजींच्या बरोबरीने जमीन सारवली. त्यांच्या घरात गणपती बसला. या गोष्टीवरून मंडळीत पुढे थोडी चर्चाही झाली आणि ती मनमोकळेपणाने झाली. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही आहे की घर ज्याचे आहे त्याच्या मनाप्रमाणे ते उभे करून द्यायचे नसेल, तर आपण दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये.

भिंतीचे काम नाताळच्या आधी सुरू झाले. पडलेल्या भिंतीची पांढरी माती टाकून द्यायची नव्हती. ती चाळून, त्यात गव्हाचे काड आणि भुसा घालून, खड्ड्यात पाणी सोडून कुजवायला ठेवली. रोज कोणीतरी जाऊन ती पायाने तुडवायची. नर्सिंगच्या मुली, कॉलेजची पोरे, सगळ्यांनी ते काम केले. मामांच्या अंदाजाने माती तयार झाली होती. आजी काठी टेकत खड्ड्यापाशी आल्या, त्यांनी मूठभर चिखल घेतला, दोन्ही तळव्यांमध्ये दाबून त्याचा लाडू वळला आणि उभ्या भिंतीवर फेकून मारला. तो चिकटला, पण कडेने फाटला. “अजून मुरली न्हाई,” एवढे बोलून त्या परत गेल्या. मामांनी तो गोळा काढून निरखला आणि हसून मान डोलावली. काम आणखी काही दिवस पुढे गेले. स्वयंसेवक म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा असे मला वाटते, कारण ज्यांना आपण ‘लाभार्थी’ म्हणतो त्यांनीच ते घर बांधताना, लिंपताना, दरवर्षी सारवताना पाहिलेले असते.

त्यांच्या मुलाचे म्हणणे वेगळे होते. तो साखर कारखान्यात कामाला होता आणि त्याला सगळी भिंत सिमेंटमध्ये हवी होती. पुन्हा पूर आला तर मातीचे काय राहणार, हा त्याचा प्रश्न रास्त होता. शेवटी मामांनी असा तोडगा काढला की जोत्यावर तीन फूट दगडी बांधकाम सिमेंटमध्ये करायचे, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, नीट भरायच्या, आणि त्यावरची भिंत मातीचीच ठेवायची, म्हणजे खालच्या भागाला पाण्याचा मार सोसेल आणि वरच्या भिंतीला वाळायला वाव राहील. २०२१ च्या जुलैमध्ये आयर्विनजवळ पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले आणि आजींच्या घरातही शिरले. वरच्या भागाचे लिंपण गळून पडले, एका कोपऱ्यात माती ओघळली, परंतु भिंत उभी राहिली. त्या वेळी दुरुस्ती त्यांच्या मुलाने आणि नातवाने स्वतःच केली. आम्ही फक्त काडाची दोन पोती पोहोचवली.

मजुरीबद्दल थोडे लिहिणे गरजेचे आहे. पुरानंतर गावातल्या गवंड्यांची, बिगाऱ्यांची स्वतःची घरे पाण्यात गेलेली असतात आणि हाताला काम नसते. अशा वेळी बाहेरून फुकट राबणारी माणसे आली तर ती नकळत त्यांच्या रोजीवर पाय देतात. म्हणून आमच्या कामाचा नियम असा आहे की मुख्य गवंडी त्या गावचाच घ्यायचा, त्याला चालू दराने पूर्ण मजुरी द्यायची, आणि आमच्या लोकांनी त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राबायचे. विटा, वाळू, खिळे, जे-हूक शक्यतो गावच्याच दुकानातून घ्यायचे, ते थोडे महाग पडले तरी. मामांसारख्या मुरब्बी गवंड्याने दुसऱ्या गवंड्याच्या हाताखाली घमेले उचलणे हे त्यांच्या वयाला सोपे नव्हते. त्यांनी ते एकदाही कपाळाला आठी न घालता केले.

विजेच्या कामात वायरमन काका कोणाचेच ऐकत नाहीत आणि ते योग्यच आहे. पूर ओसरल्यावर बोर्ड वरून कोरडा दिसतो, पण आत पाइपमध्ये गाळ साचून राहिलेला असतो, आणि मेन स्विच चालू करताच ओल्या भिंतीत करंट उतरण्याचा धोका असतो. ते प्रत्येक घरात आधी मीटरपासून जोडणी तोडायला लावतात, बोर्ड उघडून धुतात, वायरी ओढून काढतात, मेगर हे मोजमापाचे यंत्र लावून वायरींचे इन्सुलेशन तपासतात, अर्थिंग पाहतात आणि मगच परवानगी देतात. शक्य तिथे ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवतात आणि नवे बोर्ड डोक्याच्या उंचीवर घेतात. ५७ फुटांच्या पुरापुढे ही उंची काही कामाची नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. पण दर दोन-चार वर्षांनी गुडघाभर, कमरेइतके पाणी घेणाऱ्या घरांना तिचा उपयोग होतो.

कागदपत्रांचा जाच मात्र चिखलापेक्षा मोठा निघाला. कित्येक घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, अजूनही वारलेल्या सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावावर होती. दोन भाऊ वेगळे राहतात पण उतारा एकच, त्यामुळे मदतीची रक्कम कोणाच्या खात्यावर जावी यावरून घरात तंटा. आमच्या महसूलवाल्या काकांनी या बाबतीत जे काम केले ते कोणत्याही भिंतीइतकेच टिकाऊ आहे. ते चावडीवर बसत, वारसांचे अर्ज लिहून देत, कोणता कागद कुठे द्यायचा हे समजावून सांगत. भाड्याच्या घरांबाबत आम्ही मालकाकडून एवढेच लिहून घेत होतो की दुरुस्तीनंतर ठरावीक काळ भाडेकरूला काढणार नाही आणि भाडे वाढवणार नाही. काहींनी दिले, काहींनी नाकारले. ज्यांनी नाकारले त्यांच्या भाडेकरूंना आम्ही पत्रे, ताडपत्री आणि चुलीसाठी आडोसा एवढेच देऊ शकलो, आणि ती घरे माझ्या वहीत अजून अपूर्ण म्हणून नोंदलेली आहेत.

आता एका नाजूक विषयाकडे येते. चर्चची माणसे म्हटल्यावर काही गावांत प्रथम शंकेने पाहिले गेले. एका ठिकाणी पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी सरळ विचारले, “हे सगळं करून तुम्हास्नी काय मिळतंय?” प्रश्न कडवट नव्हता, पण टोकदार होता. पाळकसाहेबांनी उत्तर दिले की आम्हाला शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलेले आहे, आणि भिलवडी मिरजेच्या शेजारी आहे. त्यानंतर त्यांनी आमचे नियमही सांगितले, जे आम्ही पहिल्याच बैठकीत लिहून काढले होते: कामाच्या ठिकाणी पत्रके वाटायची नाहीत, फलक लावायचा नाही, घरच्या माणसाला साहित्य हातात देऊन फोटो काढायचे नाहीत, आणि प्रार्थना सकाळी निघण्यापूर्वी चर्चच्या आवारात करायची. कोणी आपणहून विचारले तर आम्ही कोण आहोत आणि का आलो आहोत ते मोकळेपणाने सांगायचे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. माझी श्रद्धा मला या कामाकडे घेऊन आली, हे मी अभिमानाने सांगते. पण ज्याच्या घराची भिंत पडली आहे त्याला त्या वेळी ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसते, आणि जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही तिथे त्याच्यासमोर श्रद्धेचा विषय काढणे मला श्रद्धेचाच अपमान वाटतो.

चहा आणि भाकरी मात्र आम्ही घेतो. सुरुवातीला काही जणांचे म्हणणे होते की ज्यांच्या घरातले धान्य कुजले त्यांच्याकडे खाणे बरे नव्हे, आणि मुले डबे घेऊन जात. पण कसबे डिग्रजमध्ये एका ताईंनी स्पष्ट सांगितले, “आमच्यात कामाला आलेल्या माणसाला उपाशी ठेवत न्हाईत. खाणार नसशीला तर उद्यापास्नं येऊ नका.” तेव्हापासून डबे बंद झाले.

नोंदवही चाळताना दिसते की पैशांची चणचण कधी फार भासली नाही. मंडळीचे अर्पण, मुंबई-पुण्याला गेलेल्या मिरजकरांची मदत, आणि ज्यांची घरे दुरुस्त झाली त्यांनी पुढच्या घरासाठी दिलेले दोनशे-पाचशे रुपये, यावर काम चालते; दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर सगळा हिशेब वाचून दाखवला जातो आणि ज्या गावांत काम झाले तिथल्या ग्रामपंचायतीतही त्याची प्रत लावली जाते. कमतरता आहे ती हातांची, आणि त्यातही सुतारांची. पाण्याने तुळईची टोके कुजलेली असतात, ती कापून नवा तुकडा सांधणे हे कौशल्याचे काम आहे. ते जाणणारे आमचे दोन्ही सुतार साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला सध्या एकच मुलगा येतो.

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, आम्ही जुन्या घरांची पाहणी करतो: जोत्यालगत पाणी साठते का, पन्हळी गळतात का, मेढींच्या बुंध्याला वाळवी लागली आहे का, पत्र्यांचे हूक सैल झाले आहेत का. यंदा भिलवडी, कसबे डिग्रज आणि कवठेपिरान ही तीन गावे पाहायची आहेत. सांगली-मिरज परिसरातल्या ज्या कोणाला लाकूडकाम येते आणि रविवारी दुपारनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी यायला जमेल, त्यांनी मला कळवावे. ते कोणत्या धर्माचे आहेत हे आम्ही विचारत नाही, आणि पटाशी, करवत, रंधा ही हत्यारे आमच्याकडे आहेत.